तीस गोळ्यांची बाटली

श्रीलतानं पुण्याहून पाठवली बाटली.
आत तीस गोळ्या, केशरी, फुगीर,
उजेडात धरली की आतलं तेल हलताना दिसतं.
वर फोनवरून शिकवणी:
नायना, प्रत्येक पेशीत बारीक बारीक वीजघरं असतात,
हे द्रव्य तिथं इकडचा भार तिकडे नेतं,
रिकामं परत येतं, पुन्हा नेतं.
वय झालं की शरीर ते कमी बनवतं.

मी म्हटलं, थांब.
म्हणजे धोटा की गं हा!
तुझी आजी नाडे म्हणायची त्याला.
दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे,
स्वतः कुठंच पोचत नाही,
आणि तो नसला तर कापड नाही.
ती हसली. नायना, तुम्हाला कॉलेजात घालायला हवं होतं.
मी काही बोललो नाही.
हवं होतं.

चौतीस वर्षं जॉबर होतो अक्कलकोट रोडला,
टॉवेलच्या कारखान्यात.
माग बिघडला की आधी कान लावायचो, हात नंतर.
आता जिना चढताना
स्वतःच्याच छातीला कान लावतो:
खट येतो वेळेवर,
मागचा खटका रेंगाळतो.

डॉक्टर बिद्री चष्म्यावरून बघत म्हणाले,
तुमच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं हे थोडं घटतं खरं,
पण वरून घेऊन फायदा होतो, याचा पुरावा कच्चा आहे, अंबादास.
अपाय नाही.
घ्यायचीच तर तेलातुपाबरोबर घ्या.

तेल म्हणजे आमच्या घरी शेंगाचटणी.
कडक भाकरीचा तुकडा, त्यावर चटणी,
चटणीत बोटानं खळगा करून कच्चं तेल,
आणि पहिल्या घासामागून
मुलीचा धोटा.

नरसूबाईनं किंमत वाचून घेतली शेजारच्या पोराकडून.
भागाकार तोंडी केला.
एक गोळी म्हणजे तीनशे विड्या, म्हणाली,
आणि तिची बोटं
हातात पान नसताना, तंबाखू नसताना,
एकदा वळली.
चाळीस वर्षं हजाराच्या हिशेबानं जगलेली बाई.
छाट जाईल, पण मोजणी चुकणार नाही.

एप्रिल. पत्रा तापून आपोआप वाजतो.
दुपारी लाइट जाते, गल्लीतले सगळे माग एकदम गप्प होतात
आणि त्या गप्प होण्यानं मला जाग येते.
त्या दिवशी लाइट आली, तरी तिसऱ्या घरचा माग उठेना.
गुर्रमचं पोरगं दारात: काका, धोटा उडतोय, येता का?
गेलो. त्यानं पान्हा उचलला होता.
थांब बे, म्हटलं, आधी ऐक.
पिकरचा पट्टा दोन सूत आवळला.
चालला.
चहा घेऊन परतलो, जिना चढलो,
आणि दारात आल्यावर ध्यानात आलं,
मधे थांबलोच नाही.

गोळीनं? की कुणी बोलावलं म्हणून?
जॉबरला एवढं कळतं,
एका वेळी दोन स्क्रू फिरवले
तर माग कशानं सुधारला ते सांगता येत नाही.

चोविसाव्या दिवशी बाटली संपली.
उलटी केली, ठोकली, आत बोट घातलं.
नरसू, तीस होत्या ना?
तीसच होत्या.
मग सहा?
ती भाकरी थापत होती, मान न वळवता म्हणाली,
मल्लव्वाला दिल्या.
तिला अजून रोज आठशे वळायच्यात.
तुम्ही तर बसूनच असता.

भांडायला शब्द शोधले.
एकही सापडला नाही
जो खरा होता.

रात्री श्रीलताचा फोन.
फरक पडला का, नायना?
पडला, म्हटलं.
कोणाला, ते तिनं विचारलं नाही.

भिंतीपलीकडं मल्लव्वाची कात्री
तेंदूच्या पानावर चालली होती.
दिवा मालवला, आणि सवयीनं
भिंतीला कान लावला.
मोजत गेलो, ऐंशीपर्यंत असेन,
कुठं अडली नाही.